एका पत्त्यावरचे दोन चेहरे

१

कल्याणी वाघमारेचा फोटो बदलला हे तिच्या बापाला कळलं ते मुलाकडच्यांच्या फोनवरून. मला कळलं ते बापाकडून, माझ्या लोणच्याच्या कैऱ्या अर्ध्या फोडून झाल्या होत्या तेव्हा.

"मॅडम, कुणीतरी माझ्या पोरीची अब्रू घेतली," संजय दारातूनच म्हणाला.

"आधी चपला काढा, मग अब्रूचं बघू."

मी विजयमाला ओव्हाळ. टेलिफोन खात्याच्या दक्षता शाखेतून निवृत्त. कुणाच्या लाइनवरून कोण फुकट बोलतं, कुणाचा नंबर फिरवला की कुणाच्या घरी घंटी वाजते, हे हुडकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. लोक म्हणतात मी संशयी आहे. अहो, संशयाचाच पगार घेत होते मी, आता पेन्शनही त्याचंच खाते. संजय वाघमारे माझ्या हाताखाली होता. माणूस सरळ, पण घाबरट. घाबरट माणूस सरळ राहतो तो राहवतं तोवरच, असा माझा अनुभव आहे.

ही २००७ सालच्या एप्रिलातली गोष्ट. बुधवार पेठेत आपल्या बौद्ध समाजाचं एक मंगल परिणय केंद्र होतं. प्रेमला साळवे ते चालवायच्या. केंद्राचा एक नियम होता, फोटो बाहेर जायचा नाही. कुणा टवाळाने एका मुलीचा फोटो गावभर फिरवला होता, तेव्हापासूनचा. मुलाने केंद्रात यायचं, खुर्चीवर बसायचं, चहा प्यायचा, फोटो बघायचा आणि जायचं. पुढे केंद्राची वेबसाइट झाली, तरी नोंदणी करून आत शिरल्याशिवाय फोटो दिसत नसे.

रोहन भालेराव नावाच्या मुलाने केंद्रात बसून कल्याणीचा फोटो पाहिला आणि पसंत केला. रविवारी केंद्रातच बघण्याचा कार्यक्रम ठरला. आणि मग रोहनचे वडील दत्तोबा यांचा पुण्याजवळच्या मांजरी गावाहून संजयला फोन आला. केंद्रातून कुणी बाईंनी फोटोचा पत्ता सांगितला म्हणून आम्ही घरच्या काँप्युटरवर पाहिला, मुलीच्या मानेवर आणि हातांवर पांढरे डाग आहेत. आमच्या रोहनने पाहिला त्यात नव्हते. दोन्हीतला खरा कुठला?

"मी सांगितलं, डागांचा फोटो खोटा आहे, कुणीतरी काँप्युटरवर बनवलाय," संजय म्हणाला. "ते म्हणाले, हे कुणी केलं ते रविवारपर्यंत सांगा, नाहीतर लग्न विसरा. मॅडम, हे तिसरं स्थळ आहे. हे मोडलं तर माझी पोर घरात बसेल. सोमवारी मी पोलिसांत जाणार. तो शुभंकर लिमये, वेबसाइट करणारा, त्याचंच काम आहे हे. नारायण पेठेतलं कारटं. त्याला आपली काय पडलीय?"

"पेठेवरून आरोपी ठरवायचा तर पोलीस कशाला हवेत? फोटो तुम्ही पाहिलात?"

"तेच तर. मी रोज पान उघडून बघतो. फोटो एकदम स्वच्छ आहे."

मांजरीत डाग दिसतात आणि पुण्यात दिसत नाहीत. दोघांतला एकजण खोटं सांगतोय, असं मी धरून चालले आणि पहिल्याच पायरीला घसरले.

२

केंद्र म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या डोक्यावरची एक लांबट खोली. खाली वायरींची भेंडोळी, वर बाबासाहेबांची तसबीर, एक काँप्युटर आणि प्रेमलाताई.

"जय भीम. कामाशिवाय आला नसणार," त्या म्हणाल्या.

"तुम्ही चहा पाजत असाल तर बिनकामाचीही येईन."

चहा आला. प्रेमलाताईंचं आणि संजयचं फाटलेलं होतं हे मला ठाऊक होतं. मागच्या सभेत त्याने यांना मनमानी कारभार करता म्हणून सुनावलं होतं, आणि प्रेमलाताई असलं विसरणाऱ्यांतल्या नव्हेत. म्हणून मी आडून विचारलं नाही.

"दत्तोबांना फोटोचा पत्ता तुम्ही सांगितलात?"

"मी? फोनवर मी मुलीचं नावसुद्धा उच्चारत नाही. केंद्रातून फोन करणारी मी एकटी, उचलणारीही मीच. फोटो बघायचा तर या, बसा. गुडघे दुखतात म्हणे त्यांचे. दुखू देत. माझेही दुखतात, मी चढतेच की रोज."

त्यांनी कल्याणीचं पान उघडलं. मोरपंखी साडी, कानात झुबे, केस एका खांद्यावरून पुढे घेतलेले. गोड हसत होती पोर. मान स्वच्छ, हात स्वच्छ. फोटोवर उंदीर नेऊन दाबल्यावर खाली त्याचा पत्ता उमटला तो मी उतरवून घेतला. केंद्राच्याच नावाचा पत्ता, पण सुरुवातीला 'फोटो' आणि एक टिंब जोडलेलं.

"बघा, फोटो जागच्या जागी आहे," प्रेमलाताई म्हणाल्या. "त्या म्हाताऱ्याला स्थळ नको असेल. नाही म्हणायचं धाडस नाही, म्हणून डाग काढतोय."

मलाही ते पटलं. तरी खाली उतरले तशी शेजारच्या सायबर कॅफेत शिरले. सवय, दुसरं काय. तोच पत्ता अक्षर न अक्षर टाइप केला आणि कळ दाबली.

तीच साडी, तेच झुबे, तेच हसू. आणि हनुवटीच्या खालून मानेवर उतरलेला पांढरा पट्टा, दोन्ही हातांच्या पाठीवर नकाशासारखे पांढरे डाग. मी त्याची छापील प्रत मागून घेतली आणि पुन्हा जिना चढले. केंद्राच्या पानावर फोटो अजून स्वच्छ होता; नियम बाजूला ठेवून प्रेमलाताईंनी त्याचीही प्रत मला काढून दिली. पत्ता एकच, आणि त्यावर दोन चेहरे. दत्तोबा खोटं बोलत नव्हते.

३

शुभंकर नारायण पेठेतल्या घराच्या गॅलरीत भेटला. दिवसा आयटी कंपनीत नोकरी, फावल्या वेळात केंद्राचं काम. तो मला काकू म्हणाला. मी चालवून घेतलं.

"बेसिकली काकू, फोटो जड असतात. म्हणून पानं एका मशीनवर ठेवलीत आणि फोटो दुसऱ्या. मूळ नावापुढे 'फोटो' लावलं की दुसऱ्या मशीनचा पत्ता. कुणी मुख्य पत्त्यावर फोटो मागितला तर तो म्हणतो, इथे नाही, तिकडे जा. त्याला रीडायरेक्ट म्हणतात."

"आमच्याकडे कॉल वळवणं म्हणायचे. आणि कुणी पान न उघडता थेट तिकडेच गेला तर?"

"तर तिकडचा पत्ता त्याला परत मुख्य दारात पाठवतो. आधी नोंदणी करा म्हणून. प्रेमलाताईंचा नियम."

"त्याला कसं कळतं कोण कुठून आलं?"

"ब्राउझर सांगतो ना. तुम्ही कुठल्या पानावरून आलात ते मागणीबरोबर जातं. पत्ता स्वतः टाइप केला तर ती जागा रिकामी असते."

म्हणजे घरून नंबर फिरवला तर एकाने उचलायचा आणि बूथवरून फिरवला तर दुसऱ्याने. एवढं मला कळलं. "मग मी पत्ता टाइप केला तेव्हा मला दार दिसायला हवं होतं. फोटो का दिसला?"

शुभंकरने लॅपटॉप उघडला. थोडा वेळ कळा बडवल्या आणि मग त्याचा चेहरा उतरला.

"हे मी लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

त्याच्या नियमाच्या वर कुणीतरी आणखी एक नियम टाकला होता, फक्त कल्याणीच्या फोटोपुरता. पानावरून येणाऱ्याला नेहमीचा फोटो दाखवा. थेट येणाऱ्याला दुसऱ्या फोटोकडे वळवा. बाकी सगळ्या मुलींना जुनाच नियम लागू.

"कुणी लिहिलं ते कळणार नाही?"

"स्वस्तातलं होस्टिंग आहे, काकू. नोंदी लगेच उडतात. पासवर्ड माझ्याकडे आहे आणि केंद्रात आहे." तो एकदम थांबला. "मी संशयित आहे का?"

"संजय वाघमारे सोमवारी तुझ्या नावाने तक्रार देणार आहे. त्याचं तुझं काही वाजलं होतं?"

"फेब्रुवारीत साइट बंद पडली होती. मुख्य पत्ता म्हणायचा फोटोकडे जा, फोटोचा म्हणायचा मुख्यकडे जा. दोघं एकमेकांकडे पाठवत बसले. संजयकाका सगळ्यांसमोर म्हणाले, तुला येतं काय? राग आला होता मला, खोटं कशाला बोलू? पण राग बापाचा असताना मुलीवर कशाला काढीन मी?"

"मग दुरुस्त कशी केलीस?"

"मी नाही केली. मी गोव्याला होतो. आलो तर चालू होती, आणि संजयकाका बोलायला तयार. झाली असेल आपोआप."

माझ्या उभ्या नोकरीत आपोआप झालेले बिघाड मी ढिगाने पाहिले. आपोआप झालेली दुरुस्ती एकही पाहिली नाही.

४

कल्याणीला मी तिच्या कंपनीबाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर गाठलं. अमेरिकेतल्या लोकांचे काँप्युटर अडले की त्यांना फोनवरून वाट दाखवायची, अशी तिची नोकरी. स्कूटीवरून उतरली ती सगळ्या पुणेरी पोरींसारखी, चंबळच्या खोऱ्यातून आल्यागत. तोंडाला स्कार्फ, हातात कोपरापर्यंत पांढरे मोजे. तोंडावरचा स्कार्फ तिने खाली ओढून गळ्याभोवती घेतला आणि रसाचा ग्लास उचलला.

"तुझ्या वाईटावर कोण आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही, मॅडम."

"प्रेमलाताई?"

"त्या तोंडाने फटकळ आहेत, पण मनात काही ठेवत नाहीत."

"शुभंकर लिमये?"

"त्याचं नाव बाबांनी घेतलं ना?" तिचा आवाज चढला. "त्याने काही केलेलं नाही. त्याच्यावर तक्रारबिक्रार होता कामा नये."

"तुला एवढी खात्री कशी?"

"स्वभाव कळतो ना माणसाचा." तिने ग्लासात पाहिलं. मग हळूच म्हणाली, "तुम्ही तो दुसरा फोटो पाहिलात? कशी दिसते मी त्यात?"

बदनामी झालेल्या मुली रडतात, चिडतात, देवाधर्माच्या शपथा घालतात. हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. "चांगली दिसतेस की," मी म्हटलं. "हसतेयस."

मग रस संपवून, मोज्यानेच ओठ पुसून, तिने स्कार्फ पुन्हा बांधला. "अजून काही मदत करू शकते का, मॅडम?" असं म्हणाली आणि स्वतःच कसनुशी हसली. "सॉरी. दिवसभर तेच बोलतो आम्ही."

संध्याकाळी संजयचा फोन आला. काय कळलं, कोण आहे, शुभंकरच ना. मी म्हटलं, डागांच्या फोटोची प्रत माझ्याकडे आहे, घरी या आणि नीट बघा, म्हणजे कुणी कसा बनवला त्याचा अंदाज येईल.

"नको," तो म्हणाला. "मला नाही बघायचा तो."

मी फोन ठेवला. स्वतःच्या पोरीचा खोटा फोटो गावात फिरतोय आणि बापाला तो पाहावासाही वाटत नाही. बघायची गरज नसेल तर गोष्ट वेगळी. मी दोन्ही फोटो दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवले, आणि चुकीच्या फोटोवर संशय घेत होते हे माझ्या लक्षात आलं.

५

डागांच्या फोटोत कल्याणीचे मोकळे केस मानेवरून थेट खांद्यापर्यंत उतरले होते. स्वच्छ फोटोत तेच केस कानाखाली येऊन मध्येच संपत होते, आणि पुन्हा खांद्यावर उगवत होते. मधली मान गुळगुळीत, पुसल्यासारखी. आता मला सांगा, एखादा हलकट मुलीच्या मानेवर डाग रंगवील, पण वर तिला केस कशाला रंगवत बसेल?

फोटोच्या कोपऱ्यात स्टुडिओचं नाव होतं. स्टुडिओवाला कोंडीराम बुधवार पेठेतच होता. दोन्ही प्रती त्याच्यापुढे टाकल्या.

"यातला तुमचा कुठला?"

त्याने डोकं खाजवलं. "दोन्ही माझेच, बाई. हा काढलेला. हा केलेला. वाघमारे म्हणाले, जरा मान आणि हात बघा. मी बघितले. मुलींच्या फोटोत थोडंफार सगळेच करतात. सीडीवर दोन्ही दिलेत, मूळ फोटो मी कधी ठेवून घेत नाही."

"केस करायचे राहिले."

"ते कोण बघतंय?" कोंडीराम म्हणाला.

म्हणजे डाग खरे होते. संजयने मला कामाला लावलं होतं ते खोटं हुडकायला नव्हे, खरं कुणी बाहेर काढलं ते हुडकायला. मला असा संताप आला की बस पकडली ती थेट मांजरीची.

दत्तोबा भालेराव उसाच्या रोगांवर काम करणाऱ्या संस्थेतून निवृत्त झाले होते. घरासमोर अजून ऊस होता, मागे नव्या सोसायटीच्या भिंती. खुर्चीत बसून गुडघ्याला तेल चोळत होते.

"गुडघ्यानं बेजार हाय मी, म्हणून केंद्रात जाणं झालं न्हाई," ते म्हणाले. "त्या बाईंनी फोन केला ते बरंच झालं."

"आवाज वयस्कर होता?"

"न्हाई हो, पोरगीच वाटली. लई शांत. मला टाइप करायला येईना, तर एकेक अक्षर सांगितलं. चुकलो की पुन्हा सांगायची. म्हटलं, दिसला फोटो. तर थोडा वेळ गप्पच. मग म्हणाली, अजून काही मदत करू शकते का, सर? मला आजपर्यंत कुणी सर म्हटलं न्हाई, म्हणून ध्यानात राहिलं."

परतीच्या बसमध्ये मी सगळं जुळवत बसले. ज्याला बदनामी करायची असते तो जगाला दाखवतो. इथे फक्त एका घराला दिसेल अशी सोय केली होती, आणि बाप उघडतो त्या पानावर मुद्दाम हात लावला नव्हता. पुण्यात उतरल्यावर मी केंद्रात गेले आणि प्रेमलाताईंना एकच विचारलं, फेब्रुवारीत साइट कुणी दुरुस्त केली?

"कल्याणीने की," त्या म्हणाल्या. "शुभंकर गोव्याला मजा मारत होता. ती बिचारी इथे बसली, पासवर्ड मी सांगितला, चहा होईपर्यंत काम फत्ते. कुणाला सांगू नका म्हणाली, शुभंकरला वाईट वाटेल. का हो?"

६

शनिवारी दुपारी मी कल्याणीला संभाजी बागेत बोलावलं. बाकावर बसल्यावर मी दोन्ही फोटो तिच्या मांडीवर ठेवले.

तिने स्कार्फ सोडला. मग एकेक बोट ओढून मोजे काढले. फोटोत होतं तसंच होतं सगळं.

"शेवटी कळलंच तुम्हाला," ती म्हणाली.

"का ग केलंस असं?"

"बाबांना सांगितलं होतं, आधी सांगा त्यांना. बाबा म्हणाले, फुल बाह्यांचा ब्लाउज घाल, मानेला क्रीम लाव, लग्नानंतर डाग आले म्हणू. मग काय, मॅडम? रोज सकाळी नवऱ्याच्या आधी उठून मान रंगवू? मला आतून घाण वाटायला लागलं. म्हणून रोहनच्या घरी फोन केला, खरं सांगून टाकायला. त्याच्या वडिलांनी उचलला. इतके प्रेमाने बोलले, केंद्रातून का ताई, म्हणाले. मी हो म्हणून गेले. तोंडाने सांगवेचना. मग पत्ता सांगितला."

"म्हणजे नियम आधीच लिहून ठेवला होतास."

"कधीपासून. नुसता धीर होत नव्हता. पानावर टाकला असता तर बाबांनी त्याच दिवशी काढून टाकला असता. आणि सगळ्या जगाला कशाला दाखवू? ज्या घरात जायचं त्या घराने बघावा."

"आणि शुभंकर?"

"त्याच्या नावावर आळ जाणार असं कळलं तेव्हा झोप उडाली माझी. उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे मी." तिने फोटो उलटे केले. "मला वाटलं होतं फोटो पाहिल्यावर ते मलाच विचारतील. त्यांनी बाबांना विचारलं. बाबांनी तुम्हाला. सगळे विचारत सुटले, फोटो कुणी बदलला. तुला डाग आहेत का, हे एकानेही मला विचारलं नाही."

मीही नव्हतं विचारलं. रसाच्या गाड्यावर तास घालवून नव्हतं विचारलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, "उद्या आधी मी बोलते. चोर पकडायला मला नेमलंय, तेव्हा पकडून दाखवलाच पाहिजे."

७

रविवारी केंद्रात सगळे जमले. दत्तोबा कण्हत कण्हत जिना चढून आले. सोबत रोहन, इस्त्रीचा शर्ट, चांगला दिसणारा मुलगा. शुभंकर दाराजवळ, पळता येईल अशा बेताने उभा. कोंडीरामला मी मुद्दाम बोलावलं होतं. कल्याणी खिडकीपाशी बसली होती, गळ्याभोवती स्कार्फ, हातात मोजे. संजय सारखा माझ्याकडे बघत होता.

"मला एक खोटा फोटो आणि तो देणारा शोधायला सांगितलं होतं," मी म्हटलं. "दोन्ही सापडलेत. खोटा फोटो केंद्राच्या पानावर आहे, स्वच्छ मानेचा. कोंडीरामांनी केलाय. देणाऱ्याचं नाव संजय वाघमारे."

संजय खुर्चीतून अर्धा उठला.

"आणि खरा मी लावला," कल्याणी म्हणाली. तिने स्कार्फ आणि मोजे काढून टेबलावर ठेवले. "शुभंकरचा काही संबंध नाही. केंद्राचाही नाही. दत्तोबाकाका, फोन मीच केला होता."

संजय मटकन खाली बसला. "दोन स्थळं आली, डाग बघून गेली," तो म्हणाला. "ही रात्री उशीत तोंड घालून रडायची. मला बघवत नव्हतं. भीती वाटायची हो. बाप आहे मी."

दत्तोबांनी घसा साफ केला. "आमच्या हिनं तो फोटो बघितला तवाच म्हणाली, डागांनी भाकरी करपत न्हाई. आमचं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतंच. तुम्ही खोटं बोलला, त्याचा राग हाय. पण पोरगी खरी हाय. रोहन, तुझं तू बोल."

सगळे रोहनकडे वळले. तो समजूतदारपणे हसला.

"मला काही प्रॉब्लेम नाही," तो म्हणाला. "खरंच नाही. मी नेटवर वाचलं, मेडिकली त्यात काही नसतं. फक्त एवढ्यात मित्रांना, ऑफिसमध्ये सांगायला नको. बाहेर जाताना फुल स्लीव्ह्ज आणि थोडा मेकअप. आणि लग्नाच्या अल्बमचं काय, कोंडीरामकाका आहेतच की. पहिला फोटो मस्त केलाय त्यांनी."

"एकदम झकास करून देतो," कोंडीराम म्हणाला. "केसांसकट."

खोलीत हुश्श झालं. दत्तोबा हसले. प्रेमलाताई चहा टाकायला उठल्या. शुभंकर दारापासून पुढे सरकला. संजयला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. डाग कळूनही स्थळ राहिलं होतं, पोलीस नाही, बोभाटा नाही. मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता हा हात जोडून रडेल. तो रोहनकडे टक लावून बघत होता.

"नको, भालेराव साहेब," संजय म्हणाला.

"काय नको?"

"हे लग्न नको."

"अहो, मुलगा हो म्हणतोय," प्रेमलाताई म्हणाल्या.

"म्हणूनच नको. मी भीतीपोटी तिला झाकत होतो. हा आयुष्यभर झाकत राहील, आणि वर समजूतदार म्हणवून घेईल." तो मुलीकडे वळला. "माझं मला आज ऐकू आलं, त्याच्या तोंडून."

रोहन गोंधळून बापाकडे बघू लागला. दत्तोबा मात्र खुर्चीचा हात धरून उठले, कल्याणीजवळ गेले, तिच्या डोक्यावर क्षणभर हात ठेवला आणि मुलाला म्हणाले, "चल." त्यांना जिना उतरायला बराच वेळ लागला.

मग कल्याणी म्हणाली, "बाबा, मला एकदा विचारायचं तरी होतंत."

संजय तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "विचारतो," तो म्हणाला. "ते अजून खालीच आहेत. हो म्हणू की नाही?"

"नाहीच म्हणा," ती म्हणाली, आणि मग बापाच्या शर्टात तोंड घालून रडली.